तीनदा वळून बघणारे मंत्री

मंत्रीणबाईंनी दार उघडलं की त्या तीनदा वळून बघणार, तिन्ही वेळा मागे धडामधूम संगीत, मग जाहिराती. राजकारणावरची ही मालिका आमचा दादा आठ वर्षं एडिट करत होता. एडिट कसलं डोंबलाचं, ताणत होता नुसती! चॅनेलला रोजची बावीस मिनिटं भरून हवीत आणि शूटिंग व्हायचं जेमतेम चौदा मिनिटांचं. त्यातही एखादा संवाद कुणा पुढाऱ्याला झोंबेल असं वाटलं की तो उडवायचा. मग उरलेल्या जागेत दादा तेच ते वळणारे चेहरे भरायचा. नातेवाईक तोंडावर त्याची टर उडवायचे आणि हा आपला हसायचा. माझं डोकं फिरायचं.

कारण मला ठाऊक होतं, तो प्रत्येक भाग दोनदा कापायचा. एकदा चॅनेलसाठी, एकदा घरी, स्वतःसाठी, जराही न ताणता. वहिनी आणि मी त्याच्या मागे खुर्च्या ओढून बसायचो. एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकते, एवढीच काय ती गोष्ट, पण आम्ही जागच्या हलायचो नाही. बाबांना मात्र यातलं काही सांगायची सोय नव्हती. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

चॅनेलनं मालिका गुंडाळायचं ठरवलं तसा निर्माता दादाकडे धावत आला. ओटीटीवाल्यांना दाखवायला घरचे तीन भाग दे, पुढचं पर्व तूच करशील, असा शब्द दिला. दादानं भाग दिले, पण त्यावर नाव घातलं नाही. पगार चॅनेलचा, आणि त्यांचं चित्रीकरण असं परस्पर बाहेर देणं करारात बसत नव्हतं. मी कानीकपाळी ओरडले, नाव घाल. तर म्हणे, मालिका तिकडे गेली की नाव येईलच. शब्दावर विसंबून नोकरीही सोडली शहाण्यानं.

ओटीटीवाले खूश झाले, अस्संच हवं म्हणाले. मग त्यांनी जुन्या मालिकेचा एडिटर कोण याची चौकशी केली आणि दादाचं नाव ऐकून नाक मुरडलं. तो तीनदा वळवणारा? नको रे बाबा. निर्माता तिथे मूग गिळून बसला. खरं सांगितलं तर चॅनेल कोर्टात जाईल, सौदा मोडेल, साठ माणसं घरी बसतील, असं नंतर दादालाच समजावून गेला. आणि दादाला ते पटलं! दोन ओळी लिहून कळव त्यांना, म्हणून मी महिनाभर त्याच्या मागे लागले. ढिम्म हलला नाही.

नवं पर्व आलं. रविवारी दुपारी सगळे मिळून बघायला बसलो. चांगलं होतं हो, तीच तर चीड. मंत्री धड बोलत होते, गप्प बसायचं तिथे गप्प बसत होते, कुणी उगाच वळत नव्हतं. नव्या एडिटरनं दादाचे तीन भाग समोर ठेवून सगळं पर्व बेतलेलं. कुठे थांबायचं तेसुद्धा दादाचंच. शेवटी नाव आलं ते त्या नव्याचं.

बाबांनी चष्मा पुसला आणि दादाकडे वळले.

"शीक जरा. मालिका तीच, माणसं तीच. एडिटर चांगला मिळाला की बघ कसं होतं."

वहिनी उठून आत गेली. मी तोंड उघडलं, तर दादानं माझा हात घट्ट दाबून धरला.

"खरंय बाबा," तो म्हणाला. "पुढचा भाग लावू?"