रोड म्हणायचं नाही

नसरापूरला विमानतळाच्या गाडीत बसताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जपून राहा वगैरे काही म्हटलं नाही. "तितली गुरं कशी आस्त्यात, समदं सांगत जा," एवढंच म्हणाले. वेल्ह्याच्या डोंगरात जन्मभर गुरं राखलेला माणूस. लेक न्यूझीलंडला चाललीय, यापेक्षा त्यांना तिथल्या गुरांचं कुतूहल जास्त. मला तेव्हा रागच आला होता.

मी इथं ज्या फार्मवर कामाला लागले तिथली गुरं मांसासाठी पाळतात, हे मात्र मी कित्येक महिने अण्णांना सांगितलं नाही. बाकी सगळं सांगायची. कळपात सोडण्याआधी वळूचे खूर, डोळे, बीज तपासतात हे ऐकून अण्णा थक्क झाले. आमच्याकडे देवाला सोडलेला वळू मनाला येईल तिकडे फिरतो, त्याला कोण तपासणार?

गायींची तपासणी माझ्याकडे आली. बरगड्यांवर, शेपटीच्या मुळाशी हात दाबायचा आणि एक ते पाच गुण लिहायचे. रोड गाय माजावर येत नाही, गाभण राहत नाही, म्हणून कमी गुणांच्या गायी आधीच चांगल्या कुरणात हलवतात. हाताला सगळं कळत होतं, पण लिहिताना मी तीनच्या खाली गेलेच नाही. सत्तेचाळीस नंबरच्या गायीच्या बरगड्या मोजता येत होत्या, तिलाही तीन. आमच्या घरात जनावराला रोड म्हणत नाहीत, दृष्ट लागते. एवढी शिकले, पण पेन तिथंच अडलं.

व्हिडिओ कॉलवर हे अण्णांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, "आगं, म्हनायचं न्हाई, पन वैरन दुप्पट घालायची आस्ती. ती घातली का?"

मग आठवलं. अण्णा रोड गाईपुढे मुकाट्यानं दुसरी पेंढी टाकायचे. मी निम्मीच रीत घेऊन इतक्या लांब आले होते. लाज वाटली.

सकाळी फार्मच्या मालकाला खरं सांगितलं. तो रागावला नाही, उलट दृष्ट लागण्याबद्दल खोदून खोदून विचारत बसला. फेरतपासणीत अकरा गायी तीनच्या खाली निघाल्या. सत्तेचाळीसला मीच चांगल्या कुरणात नेलं.

"आन गाभन न्हाई ऱ्हायली तर?" अण्णांनी पुढच्या कॉलवर विचारलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ट्रक येतो आणि कत्तलखान्यात नेतो, असं मी सांगून टाकलं. मला वाटलं, आता परत ये म्हणतील.

"मंग तिला आज काय घातलं, त्ये सांग," ते म्हणाले.

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी अजून वेल्हेच सांगते. पण कामावरून परतताना रोज कुरणाच्या फाटकाशी थांबते, सत्तेचाळीसच्या बरगड्या बघते, आणि अण्णांचा फोन यायच्या आत त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवते.