पुढच्या घराचं कापड

चहाला उकळी येईपर्यंत मास्तर खिडकीपाशी उभे राहायचे आणि चौकटीवर वीत टाकायचे. आडव्या पाच विता आणि चार बोटं, उभ्या सहा. रोज तेवढ्याच भरायच्या. टेप गळ्यातच असायची, पण घरच्या खिडकीला त्यांनी ती कधी लावली नाही. मोजून झालं की 'च्यक्' असा बारीकसा आवाज करून वळायचे.

"रात्रीतून वाढली का?" बायको कप पुढे करत विचारायची.

"तेच बघतोय."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती यावर खळखळून हसायची. पुढे नुसती मान हलवायला लागली. मग विचारणंच सुटलं. विता मात्र चालू राहिल्या.

मास्तर पडदे शिवायचे आणि लोकांच्या घरी नेऊन लावायचे. सुरुवातीला ते एका जुन्या दुकानात पगारावर होते. दुकानाच्या मागच्या अंगाला लांब लाकडी टेबल होतं. त्यावर कापड पसरायचं, खडूने रेघ मारायची, कात्री चालवायची. हात इतका साफ की पडदा टांगून झाला की त्याची खालची कड जमिनीच्या एक बोट वर थांबायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. त्यांचा एकच नियम होता. खिडकी पक्की झाल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईला आलं तरी म्हणायचे, "आधी चौकट बसू द्या, मग बोला. कापलेलं कापड लहान करता येतं, मोठं नाही करता येत." या नियमामुळे त्यांच्या हातून वीतभर कापडही कधी वाया गेलं नाही. याच नियमाने आपल्या संसाराचं काय केलं, ते कळायला बायकोला बरीच वर्षं लागली.

लग्नाला वर्ष झालं, त्या दिवशी मास्तर खांद्यावर एक गठ्ठा घेऊन घरी आले. सायीच्या रंगाचं कापड होतं, आत केसाएवढी बारीक निळी रेघ. अंगाने इतकं भारी की हातातून सोडलं तर पाणी ओतल्यासारखं खाली यायचं. तिने ते तिथल्या तिथे खिडकीवर धरलं. खोली एक, खिडकी एक. कापड खिडकीच्या चौपट होतं.

"कापा ना," ती म्हणाली. "आत्ताच कापा. मी मशीन काढते."

"खुळी की काय तू! या भोकाला हे कापड? हे पुढच्या घराचं."

कापड पत्र्याच्या पेटीत गेलं. खिडकीवर दोन खिळे आले आणि त्यांना एक जुनी चादर.

तिला वाईट नाही वाटलं, उलट बरंच वाटलं. नवऱ्याला पुढचं दिसतंय, अजून काय हवं! दुपारी काम आटपलं की ती पेटी उघडून कापडावरून हात फिरवायची आणि पुन्हा झाकण लावायची.

पुढचं घर आलंसुद्धा. मास्तरांनी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, ती घरी पडद्यांच्या कडा शिवायला लागली आणि दोन खोल्या मिळाल्या. तिने पेटी उघडली. मास्तर म्हणाले, "राहू दे. चार दिवसांचं तर घर." त्या घरात पाच वर्षं गेली, लेक तिथेच चालायला शिकली. चादर तीच होती, खिळे तेवढे नवे.

मास्तर नवरा म्हणून चांगले होते. व्यसन नाही, हात उगारणं नाही. कमाई वाढत होती. पण कमाई वाढली तशी गिऱ्हाइकंही वरच्या घरांतली आली. सकाळी दहाला ते ज्या दिवाणखान्यात शिडी लावायचे, तिथे आपलं अख्खं घर मावलं असतं हे त्यांना शिडीवरूनच दिसायचं. संध्याकाळी परत आले की दारात चपला काढता काढता भिंतींकडे असे बघायचे, जणू कुणीतरी दिवसभरात त्या आत सरकवून ठेवल्यात. दोन खोल्यांच्या तीन झाल्या. पहिला महिना ते शीळ घालत होते. दुसऱ्या महिन्यात 'च्यक्' परत आलं.

भिंतींना भोकं पाडून पडद्यांचे दांडे बसवायचं काम करणारा त्यांचा जुना सोबती होता. सगळे त्याला रॉडवाला म्हणायचे. तो जेवायला आला की फिरक्या घ्यायचा.

"वहिनी, यांच्या घराला चादर बघून लोक मला विचारतात, मास्तरांचं दुकान बुडालं का?"

"तू गप जेव," मास्तर म्हणायचे.

"नाही, पण खरं सांगा. एवढं कमावता, ते जातं कुठे?"

"पुढच्या घराला."

"आणि तिथे पोचल्यावर?"

"तिथे पोचल्यावर बघू."

लेक तेव्हा बारा वर्षांची होती. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "काल माझी मैत्रीण आली होती. म्हणाली, तुझे बाबा पडदेवाले ना गं? मी सांगितलं, नाही, चादरवाले."

रॉडवाल्याला ठसका लागला. मास्तरही हसले. बायको हसली नाही. ती मशीनवरच्या ढिगाकडे बघत होती. बारा खिडक्यांचे पडदे होते ते, कुणाच्या तरी घरातले. आयुष्यभरात तिने हजारो खिडक्यांना कडा घातल्या असतील. त्यातली एकही तिने आतून पाहिली नव्हती.

लेक कॉलेजात गेली त्या वर्षी मास्तरांनी स्वतःचं घर घेतलं. चार खोल्या, पाचवा मजला, आणि बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच खिडकी. सामान चढवून माणसं गेली तसं तिने सगळ्यात आधी पेटी उघडली. कापड घड्यांच्या रेषांवर पिवळं पडलं होतं, पण सूत शाबूत होतं. तिने ते पलंगावर पसरलं. तिला वाटलं, एका धुण्यात रेषा जातील आणि माप तर बरोब्बर आहे.

मास्तरांनी कडेचा तुकडा अंगठा आणि बोटात धरून चोळला. गिऱ्हाइकाने आणलेलं कापड ते असंच चोळून बघायचे.

"हे आता कोण लावतं गं?" ते म्हणाले. "परवा त्या बंगल्यात लावले ते बघायला हवे होतेस. दुहेरी. आत जाळी, बाहेर जाड. बटण दाबलं की सरकतात."

"मला बटण नकोय. मला हे हवंय."

"आणि ही खिडकी तरी काय खिडकी आहे! समोर पाण्याची टाकी दिसते. नदीकडे नवीन इमारती होतायत, तिथे जमिनीपासून छतापर्यंत काचच काच."

ती पलंगावर बसली. आवाज चढवणाऱ्यातली ती नव्हती, तेव्हाही चढवला नाही. "एवढी वर्षं मी काही मागितलं नाही. आता एक मागते. एकदाच म्हणा, झालं म्हणून. हे घर आपलं, आता पुरे. मग पडदे नाही लावलेत तरी चालेल."

"म्हणतो की," मास्तर म्हणाले. "म्हणायला काय पैसे पडतात? एवढं हातातलं काम होऊ दे."

कापड त्यांनी टेम्पोत नेलं. गिऱ्हाइकांच्या तयार पडद्यांवर धूळ बसू नये म्हणून वरून टाकायला ते बरं होतं. नव्या घराच्या मोठ्या खिडकीला दोन चादरी जोडून लागल्या.

हातातलं काम संपलं, दुसरं आलं. रविवार गेला, दुपारचं जेवण डब्यावर गेलं. तीन वर्षांनी एका हॉटेलचं काम आलं, दीडशे खिडक्यांचं. त्याच सुमारास शिडीवर उभं असताना छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टरांनी कागद बघितले आणि दोन महिने घरी बसायला सांगितलं.

"हॉटेल झालं की बसतो," मास्तर म्हणाले.

"मी गिऱ्हाईक नाही," डॉक्टर म्हणाले. "माझ्याशी तारखांची घासाघीस करू नका."

जिना उतरताना बायकोने त्यांचं मनगट धरलं, ते खाली रस्त्यावर येईपर्यंत सोडलं नाही. "या कामाला आज नाही म्हणालात तर तुम्ही मला राहाल," ती म्हणाली. "मला दुसरं काही कळत नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभर तिला वाटलं, म्हणतील.

"दीडशे खिडक्या आहेत गं. असं काम परत नाही येत."

एकशे अठ्ठेचाळीसाव्या खिडकीला रॉडवाल्याने त्यांना शिडीवरून अलगद खाली घेतलं. उरलेल्या दोन त्याने लावल्या. कड सारखी आली नाही, असं तोच नंतर रडत सांगायचा, जणू सगळा घोळ त्या कडेत होता.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मास्तर चार दिवस होते. बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. बायकोने चादरी काढून टाकल्या होत्या, ऊन सरळ पायांपर्यंत यायचं. ते खोलीकडे पाहत बसायचे, पाहुणा पाहतो तसे.

ते गेल्यावर भेटायला आलेली माणसं तिला विचारायची, शेवटी काही बोलले का? लेकीबद्दल, कामाबद्दल? "काही नाही," ती म्हणायची.

पाचव्या मजल्याच्या त्या घराच्या शेजारीच शाळा होती. इमारत उभी राहायच्या कितीतरी आधीपासूनची. तीन वर्षं बायको तिच्या घंटेवर दिवस काढत होती. पहिल्या घंटेला कुकर, मधल्या सुट्टीला मशीन, सुटल्यावर चहा. चौथ्या दिवशी दुपारी ती मास्तरांच्या पुढचं ताट उचलायला वाकली, तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि शेकडो पोरांचा गलका एकदम वर आला. मास्तरांनी दचकून खिडकीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहून म्हणाले, "ही शाळा कधी झाली गं इथे?"