आबा सुरतेतच राहिले

"तुम्ही चाला, मी येस मांगून." आमच्या आबांचं हे ठरलेलं वाक्य. लग्नाला निघायचं असो की बाजाराला, आम्ही दाराबाहेर पडलो की ते हात हलवून आम्हाला पुढं पिटाळायचे. मग कडी, दिवा, स्टोव्ह सगळं दोनदोनदा बघून मागून यायचे. यायचे मात्र नक्की.

मी चौथी नापास माणूस. लिहायला बसलो की बोटं अवघडतात. पण माझ्या बापाबद्दल दुसऱ्यानं लिहिलेलं मला चालणार नाही, म्हणून मीच लिहितो.

खानदेशातून आबा सुरतेला आले ते लूम चालवायला. नवागामात एक खोली. तीस वर्षं त्या खडखडाटात काढून कान गेले होते, त्यामुळं घरातही ओरडूनच बोलायचे. आई होती तोवर तिच्या कानाला लागून गुपचूप काही सांगायचे, नि संध्याकाळी चार घरांपलीकडची बाई विचारायची, "काय वो, वांग्यात मीठ जास्ती झालं का आज?" लूमवर मात्र त्यांना कानाची गरज नव्हती. चौकटीवर तळहात ठेवायचे नि सांगायचे, "हिनं पोट दुखस." खोलून पाहिलं की कुठंतरी बोल्ट ढिला सापडायचाच.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला. ज्याला जमेल तो पळत होता. मी बायकोपोरांना घेऊन गावी निघालो. शेठ आमच्या आधीच गाडी काढून गेला होता, कारखान्याची किल्ली आबांच्या हाती देऊन.

"चाला आबा," मी म्हटलं.

"सुतना बीम चढेल शे. अर्धं कापड सोडीसन कसा येऊ? तुम्ही चाला, मी येस मांगून."

"शेठ पळाला. तुम्ही कुणाची राखण करता?"

"शेठनं शेठ जाने."

पोरं रडत होती. माझं डोकं फिरलं. "मग मरा इथंच," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, त्यांना ऐकू जावं म्हणून. गेलं ऐकू. नेहमीसारखा हात हलवून त्यांनी आम्हाला पुढं पिटाळलं.

गावात सुरतेच्या माणसाला कुणी घेईना. आम्ही शिवारातल्या खळ्यात राहिलो. आठव्या दिवशी दुकानदाराच्या फोनवर आमच्या शेजारच्या खोलीतल्या ओडिया कामगाराचा निरोप आला. चाचाला ताप आहे, या.

तुम्ही म्हणाल, लगेच निघालो असेन. नाही निघालो. पोरांच्या जिवाची भीती होती, हे खरं. पण आणखी एक होतं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं, म्हाताऱ्यानं स्वतः म्हणावं, ये. तीन दिवस मी खळ्यात बसून राहिलो.

चौथ्या दिवशी पोचलो तर खोली धुतलेली. गाठ नाही, खोकला नाही, साधा ताप होता म्हणे. पण आसपास एका दवाखान्याचं शटर उघडं नव्हतं, आणि तापाच्या माणसाला हात लावायला कुणी तयार नव्हतं. ओडियानंच तोंडाला फडकं बांधून खांद्याला तिघे गोळा केले. अग्नीही त्यानंच दिला. बाप माझा, आणि आग परक्यानं दिली. तो म्हणाला, "चाचा दो दिन पूछा, गाँव से गाडी आया क्या. फिर नहीं पूछा."

दहाव्याला, तोवर सुरतेत परतलेल्या शेजाऱ्यांसोबत, तापीकाठी पिंड ठेवला. मेलेल्याचं काही अडलं असेल तर कावळा शिवत नाही. मग घरचा कुणी पुढं होतो, कबूल करतो, पोरीचं लग्न करीन, भावाला सांभाळीन. मी जन्मात कुणापुढं मान खाली घातलेली नाही. पण त्या दिवशी ठरवून गेलो होतो. कावळा येणार नाही, लोक उन्हात ताटकळतील, आणि मग सगळ्यांदेखत म्हणेन, आबा, मी चुकलो. रात्रभर तेवढंच घोकलं होतं.

पिंड ठेवून मी दोन पावलं मागं सरलो नाही, तोच कावळा उतरला.

"सुटला म्हातारा," भटजी म्हणाले. "काही इच्छा राहिली नव्हती मागं."

लोकांना बरं वाटलं. ते चपला शोधायला लागले.

मी हात जोडून तसाच उभा होतो. थोडं तरी ताटकळत ठेवायला हवं होतं आबांनी मला.