मावशीचा आवाज

चहा तो उभ्यानेच प्यायचा. बोलता बोलता समोरच्याचा चष्मा काढून घ्यायचा आणि पुसून परत द्यायचा. चष्म्याच्या दुकानात काम करणारा माझा हा मित्र घरी ऑनलाइन गेमच्या खेळाडूंसाठी एक सामाईक संग्रह सांभाळायचा. त्यातली अक्षरं, रंगीत पट्ट्या आणि आवाज घेऊन कोणीही आपला गेमचा पडदा हवा तसा सजवावा. जुनी फाइल तो कधी काढून टाकत नसे. म्हणायचा, "कुणीतरी ती निवडलेली असते."

त्याची मावशीही तो गेम खेळायची. तिची नजर अधू होत चालली होती. गेममधली आपली ताकद संपत आल्याची पट्टी तिला दिसेना.

"चष्मेवाल्या, दिसत नाही तर निदान ऐकू तरी येऊ दे."

"तुझाच आवाज घालतो, मावशी. शत्रू ऐकूनच पळतील."

"गाढवा, आधी घाल तर."

तिचं "अरे, सांभाळ" त्याने मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. दुसऱ्याच दिवशी दुकानात काच घासता घासता त्याचं हृदय थांबलं. अजून माझा विश्वास बसत नाही.

मावशी आजही खेळते आणि न कळताच हरते. तिच्या आवाजाची फाइल संग्रहात आहे. पण संग्रहाच्या यादीत फाइलचं नाव लिहिल्याशिवाय गेमला ती सापडत नाही, आणि ते नाव लिहायचं त्याचं राहून गेलं.