हिरवी की ठिपकेवाली

बदलापूरला मांजर्लीत राहायला आलो तेव्हा नदीकाठचे सगळे पक्षी मला सारखेच दिसायचे. तपकिरी पाठ, पांढरं पोट, सतत हलणारी शेपूट. त्यांच्यातला फरक मला शिकवला तो अंबरनाथच्या आमच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरनी. मी त्यांना दादा म्हणायचो. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, राहायला उल्हासनगर कॅम्प एकमध्ये. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळीच माझ्याकडे यायचे, गळ्यात जुनी दुर्बीण, खिशात दोघांपुरते शेंगदाणे.

हिरवी तुतवार आणि ठिपकेवाली तुतवार यांत मी हमखास गोंधळायचो. दादा म्हणायचे, "बसलेली बघून नाव देऊ नकोस. उडू दे. पंखांखाली काळं दिसलं तर हिरवी, फिकं दिसलं तर ठिपकेवाली."

चार हिवाळ्यांत माझी नजर तयार झाली, आणि मी शेफारलोही. एका रविवारी कॉलनीतल्या दोघांना पक्षी दाखवायला बरोबर घेतलं होतं. डबक्याच्या काठाला एकटीच तुतवार बसली होती. मी रुबाबात सांगितलं, "ही ठिपकेवाली. पाय बघा, पिवळे आहेत." तेवढ्यात ती उडाली.

"हिरवी होती रे," दादा हळूच म्हणाले. "पंखांखाली काळं होतं. पायांना ओला चिखल, त्यावर ऊन. म्हणून पिवळे वाटले."

त्या दोघांसमोर मला ते झोंबलं. "दादा, तुमचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

"असेल बाबा," एवढंच म्हणून ते दुर्बीण पुसत राहिले.

पुढच्या रविवारी मी काहीतरी काम काढलं. मग कॅन्टीनलाही त्यांची वेळ टाळू लागलो. पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली, ते रजेवर गेले. आज जाऊ, रविवारी जाऊ, असं करता करता मी त्यांच्या घरी गेलो तो थेट अंत्ययात्रेला.

त्या हिवाळ्यात नदीवर दोन्ही तुतवारी एकाच डबक्यावर दिसल्या. हिरवीचे पाय चिखलाने माखलेले, उन्हात पिवळे चमकत होते. ती उडाली आणि पंखांखालचं काळं लख्ख दिसलं. खरं सांगायचं तर ते मला त्या रविवारीही दिसलं होतं.

दुपारी मी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा केला.

"भाऊजी, आजारपणात रोज तुमची आठवण काढायचे. मी विचारायचे, मग ते येत का नाहीत? तर म्हणायचे, त्याची शिफ्ट बदललीय, जमत नसेल."

माझी शिफ्ट बदलली नव्हती. दादांना ते पक्कं माहीत होतं.

"तुमच्यात काही झालं होतं का हो?" वहिनींनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. चहा तसाच अर्धा ठेवून उठलो. त्यानंतर त्या घरी जायचं धाडस मला झालं नाही.