मगरीच्या अंड्यांजवळचा लाल झेंडा

सांगूनच टाकते, पोरीचं पान मी बदलणार नाही.

आज तिच्या 'आपली नदी, आपला इतिहास' प्रोजेक्टला माझे सासरे बसले. लढाईच्या वर्षी ते दारूगोळ्याच्या फॅक्टरीत डबल ड्यूटी करायचे. म्हणाले, "परियट नदीच्या रेतीत मगरीनं अंडी घातली होती. आम्ही बारूदजवळ लावतो तसा धोक्याचा लाल झेंडा तिथं गाडला. कोणी पाय नाही ठेवला!"

पोरीनं तेच लिहिलं. पानाचा फोटो पाठवला, तर तिच्या हिंदी शाळेतल्या मॅडम म्हणतात, "इतिहास में राजा-रानी लिखिए, घर की बातें नहीं."

काहून? राजानं राखली होती का ती अंडी?

तुम्ही असता तर खोडलं असतं? आम्ही तर त्याच पानावर लाल कागदाचा झेंडा चिकटवून राहिलो.

आता लावा हात!