येरझारे वहिनींचं यंत्र

येरझारे वहिनींना फोनवर बसून बोलताना मी कधी पाहिलं नाही. फोन वाजला की त्या उठायच्या आणि ओट्यापासून बागेच्या दारापर्यंत चालायला लागायच्या. पुन्हा ओटा, पुन्हा दार. बोलणं रंगलं तर जिनाही त्यात यायचा. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आम्हा मराठी मंडळींपैकी त्यांना हे नाव कुणी दिलं ते आठवत नाही. खरं आडनाव कुलकर्णी. पण आमच्या इमारतीची बेल वाजवून त्या स्वतःच इंटरकॉमवर म्हणायच्या, "येरझारे आहे, उघड."

नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या इथे आल्या. पहिली काही वर्षं घरात काढली, डच शिकल्या आणि मग ब्रेडा शहरातल्या एका मालवाहतूक कंपनीत लागल्या. कुठला ट्रक कुठे आहे, कुठे अडकलाय, किती वाजता पोचेल हे बघायचं त्यांचं काम. ते त्यांच्या स्वभावाला इतकं फिट्ट होतं की सुट्टीच्या दिवशीही आम्हाला विचारायच्या, "निघालात का? कुठवर आलात?" आम्ही फीट्सवरून, म्हणजे सायकलवरून, पाच मिनिटांवर राहायचो.

त्यांचा नवरा, विनायकदादा, माझ्याच कंपनीत पण माझ्यापेक्षा बराच सीनियर. मोजकं बोलणारा. शेजारच्या यानच्या नादाने तो शिकारीला लागला. आधी नुसता यानबरोबर शेतांतून फिरायचा, मग रीतसर कोर्स करून डचमधली शिकारीची परीक्षा पास झाला. दर सप्टेंबरात दोघं उत्तर स्वीडनच्या डोंगरांत जायचे, पाठीवर तंबू आणि बंदूक घेऊन, पांढऱ्या पंखांच्या डोंगरी तितरांच्या मागे. वहिनी शाकाहारी. त्या पक्ष्यांसाठी त्यांनी फ्रीझरचा सगळ्यांत खालचा खण दिला होता. तो खण त्या उघडत नसत, पण तक्रारही करत नसत.

एका वर्षी दोघं रविवारी डोंगरांतून परत गाडीरस्त्यापर्यंत पोचायचे होते. रविवार गेला, सोमवार गेला. फोनला तिथे रेंज नसतेच. वहिनींनी तिकडच्या पोलिसांना कळवलं. हवा खराब आहे, माणसं अनुभवी आहेत, थोडी वाट बघू, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या आणि जेवणाच्या टेबलाभोवती फिरत राहिल्या. केतकीने, माझ्या बायकोने, तीनदा खुर्ची पुढे केली.

"चाळीस ट्रक मला एका स्क्रीनवर दिसतात," त्या म्हणाल्या. "त्यातला एक पोलंडमध्ये टायर बदलतोय, तेसुद्धा दिसतंय. आणि हा कुठे आहे ते जगात कुणालाही माहीत नाही."

बुधवारी दुपारी फोन आला. नदीला पाणी चढलं होतं, ते दोघं पलीकडच्या काठावर एका झोपडीत पाणी उतरायची वाट बघत बसले होते. एवढंच. विनायकदादा घरी आला, आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला आला. मी विचारलं तर म्हणाला, "मजेत होतो रे. बिस्किटं होती."

त्यानंतर आठवड्याभरात वहिनी माझ्याकडे आल्या. मी रेडिओच्या चिप्सची चाचणी करतो, म्हणून. उपग्रहावरून संदेश पाठवणारं एक यंत्र घ्यायचंय, कुठलं घेऊ?

मी म्हणालो, "वहिनी, हल्ली कुठलंही चालतं."

"कुठलंही चालतं हे तू विकणाऱ्याला सांग. मला दरी सांग, झाडं सांग, थंडी सांग."

मग मलाही नीट बसून वाचावं लागलं. तीन यंत्रं उरली. एक काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, त्याला एकच बटण: दाबलं की मदतीचा संदेश जाणार, उलट काही येणार नाही. विनायकदादाला ते पसंत होतं, कारण त्याचं वजन जाणवत नव्हतं. दुसरं छान, गुळगुळीत, पण त्याला स्वतःचा पडदा नाही. मजकूर फोनवर लिहायचा. शिवाय त्याचे उपग्रह विषुववृत्तावर एका जागी असतात. इतक्या उत्तरेला ते क्षितिजाजवळ टेकलेले, दरीत उतरलं की मध्ये डोंगर. तिसरं जाडजूड, दिसायला जुन्या मोबाइलसारखं. त्याचे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात, आणि लिहायला त्याचीच बटणं.

वहिनींनी तिन्ही मिळवली. दोन माझ्या गिर्यारोहक सहकाऱ्यांकडून आणली, एक दुकानातून परत करायच्या बोलीवर. सकाळी ऑफिसला जाताना ती खालच्या खणात, पक्ष्यांजवळ ठेवली आणि संध्याकाळी काढून कुठलं किती वेळ चालू राहतं ते बघितलं. त्याच दिवशी तो खण त्यांनी पहिल्यांदा उघडला असावा. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून, वर जाड हातमोजे चढवून बटणं दाबून पाहिली. शनिवारी मला घेऊन गावाबाहेरच्या पाइनच्या रानात गेल्या. उघड्यावर एक संदेश, झाडाखाली एक संदेश, मी घड्याळ धरून उभा. मग म्हणाल्या, "पडलेला माणूस यंत्र आकाशाकडे धरून थोडाच पडतो?" आणि सरळ वाटेकडेच्या कोरड्या खड्ड्यात उतरून, यंत्र पोटाखाली घेऊन पालथ्या झोपल्या.

एक डच आजोबा सायकलवरून चालले होते. ते थांबले आणि काळजीने म्हणाले, "खाट हेट, मेव्राउ?" बऱ्या आहात ना बाई?

वहिनी डोकं न उचलता डचमध्ये म्हणाल्या, "मी सापडते का ते बघतेय."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ दाखवलं. ते सायकल स्टँडवर लावून संदेश जाईपर्यंत आमच्याबरोबर उभे राहिले.

हे सगळं विनायकदादाला रुचत नव्हतं, आणि एकदा ते आमच्यासमोरच बाहेर आलं. वहिनी तिसऱ्या यंत्राची सोय सांगत होत्या: दर दहा मिनिटांनी ते आपोआप जागा कळवतं, नकाशावर ठिपका सरकताना दिसतो. विनायकदादाने चमचा खाली ठेवला.

"वर्षातले दहा दिवस मी कुणाला सापडू नये म्हणूनच जातो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "ते दहा दिवसही तुझ्या स्क्रीनवर घालवायचे असतील तर मी जातच नाही."

केतकीने उगाच पाणी आणलं. वहिनी उठल्या, आमच्या बाल्कनीपर्यंत गेल्या आणि बराच वेळ तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "ठिपका बंद. रोज संध्याकाळी एकच ओळ पाठव, ठीक आहे म्हणून. मी उलट काही विचारणार नाही. पण यंत्र तिसरंच न्यायचं."

"ते छोटं का नको? मदत तर त्यानेही मागता येते," विनायकदादा म्हणाला.

"मदत मागितल्याचं आम्हाला कळेल रे. पण ती येतेय हे तुला कसं कळणार? तू तिथे काय समजून पडून राहशील?"

पुढच्या सप्टेंबरात दोघं पुन्हा निघाले. जाताना यंत्र विनायकदादाच्या पट्ट्याला होतं. वहिनींनी यानच्या घरी जाऊन त्याच्या बायकोकडून, मारायकाकडून, यानच्या औषधांच्या गोळ्यांची यादीही आणली होती. नवऱ्याची तर तोंडपाठ होती.

त्या सप्टेंबरात पाच संध्याकाळी 'ठीक आहे' आलं. मला वहिनी ते फॉरवर्ड करायच्या, खाली काही न लिहिता. सहाव्या दिवशी शनिवार होता, त्या आमच्याकडे जेवायला होत्या. वरणभाताचा पहिला घास घेतला आणि फोन वाजला. परदेशी नंबर. कंट्रोल रूममधला माणूस इंग्रजीत सांगत होता की या यंत्रावरून मदतीचा संदेश आलाय, हेलिकॉप्टर पाठवतोय.

यान घसरून खडकावर पडला होता. डोक्याला मार. विनायकदादाने तसं लिहून कळवलं होतं. वहिनींनी माणसाचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो रक्त पातळ होण्याची गोळी घेतो. नाव लिहून घ्या. हेलिकॉप्टरमधल्या डॉक्टरांना उतरायच्या आधी सांगा, आणि माझ्या नवऱ्याला जखम दाबून धरायला सांगा." गोळीचं नाव त्यांनी एकेक अक्षर करून सांगितलं. हात खरकटाच होता. मग हात धुऊन त्या माझ्याबरोबर मारायकाकडे गेल्या, कारण ही बातमी तिला फोनवर द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

तिथे सोफ्यावर मारायकाचा हात धरून बसल्या होत्या तेव्हा विनायकदादाचा संदेश आला. वहिनींनी तो तिला डचमध्ये वाचून दाखवला: 'ते निघाल्याचं कळलं. यानला सांगितलं. तो आता शांत आहे.'

यान वाचला. डोक्याला टाके घेऊन, वजन घटवून घरी आला. पुढे शिकारीला जाणं मात्र त्याला जमलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण विनायकदादाचं कौतुक करायचा. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "यंत्र मी निवडलेलं नाही."

दीड वर्षाने वहिनींना आर्नहेमला नोकरी मिळाली, एका वीज कंपनीत, वीज कुठे गेली आणि कधी येईल ते बघायची. विनायकदादाने तिकडून ये-जा करायचं ठरवलं. त्यांचं सामान हलवायला मी गेलो होतो. विनायकदादा गाडीत खोकी लावत होता. वहिनी आणि मी रिकाम्या स्वयंपाकघरात शेवटची कपाटं पुसत होतो. मी सहज म्हणालो, "तुम्ही त्या यंत्राचा इतका पिच्छा पुरवला म्हणून यान वाचला. इतकी काळजी मी तरी नसती केली."

त्यांचं फडकं थांबलं.

"काळजी नव्हती ती," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी, तीन दिवस पत्ता नव्हता ना, तेव्हा बुधवारी सकाळी माझ्या मनात आलं की नसलाच तो आता, तर निदान वाट बघणं तरी संपेल. अगदी स्वच्छ आलं मनात. दुपारी त्याचा फोन आला. आवाज ऐकला आणि मी इतकी घाबरले, निखिल, की माझ्या हातून काहीतरी झालंय असं वाटायला लागलं."

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"दादाला माहीत आहे?"

"सांगितलं मागच्या वर्षी. दोन दिवसांनी कॅलेंडर घेऊन आला आणि विचारलं, या सप्टेंबरात कधी जाऊ? तोवर कधी विचारलं नव्हतं त्याने."

बाहेरून विनायकदादाने हाक मारली. वहिनींनी फडकं पिळून नळावर वाळत टाकलं आणि गाडीकडे गेल्या.